उशीर टाळण्याचा खेळ: बॅडमिंटन पहिल्यापासून शिकताना

बॅडमिंटन आपल्याला येतं, असं बहुतेकांना वाटत असतं. सुट्टीत दोघांनी रॅकेटी घेऊन शटल खाली न पडू देता पन्नास-साठ फटके मारलेले असतात, आणि तो आत्मविश्वास अगदी खोटाही नसतो. फक्त त्या खेळात दोघंही एकमेकांच्या हातात शटल देत असतात. कोर्टावर समोरचा नेमकं उलट करतो. तुम्ही जिथे नाही तिथे तो शटल टाकतो. मग पहिल्याच दिवशी कळतं की आपण पळतोय, पोचतोयही, पण दर वेळी अर्धा क्षण कमी पडतोय.

मी तिशी उलटल्यावर रीतसर शिकायला लागलो. पहिल्या आठवड्यात माझे निम्मे फटके नेटमध्ये जायचे आणि दर वेळी मी रॅकेटच्या तारांकडे संशयाने बघायचो. शिकवणारे सर एकदा म्हणाले, "तारा ठीक आहेत. तू उशिरा येतोयस." तेव्हा थोडा राग आला. पुढे इतर नवख्यांना खेळताना बघू लागलो तेव्हा पटलं. चूक हाताची दिसते, पण मुळात ती उशिराची असते. पाय उशिरा निघतात, अंग उशिरा वळतं, रॅकेट उशिरा वर जाते आणि मग मनगट बिचारं सगळ्यांची भरपाई करायला धावतं. खालचा सगळा क्रम हा उशीर कमी करण्यासाठी लावलेला आहे. म्हणूनच स्मॅश, म्हणजे डोक्यावरून जोरात खाली मारायचा फटका, त्यात बराच खाली आहे.

साहित्य: थोडक्यात, पण नीट

रॅकेटवर दोन खुणा असतात. 'यू'च्या मागचा आकडा वजन सांगतो: ३यू म्हणजे साधारण ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४. आकडा वाढला की वजन कमी. 'जी'चा आकडा मुठीची जाडी सांगतो आणि बहुतेक रॅकेटींवर तिथेही आकडा वाढला की मूठ बारीक होते. शिकणाऱ्याने ४यू, ना पुढे जड ना मागे जड अशी समतोल आणि लवचीक दांड्याची ग्रॅफाइट रॅकेट घ्यावी. डोक्याकडे जड असलेली, कडक दांड्याची रॅकेट आवडत्या खेळाडूच्या हातात बघून घेतली जाते आणि महिन्याभरात खांदा कुरकुरायला लागतो. कडक दांडा वाकवायला लागणारा वेग नवख्याच्या हातात अजून आलेला नसतो.

गटिंग करताना, म्हणजे रॅकेटला तारा बसवून घेताना, टेन्शन (तारांचा ताण) २० ते २२ पाउंडांच्या आत ठेवा. तारा जास्त ताणल्या की ताकद वाढते हा गैरसमज आहे. ताण वाढला की नेमकेपणा वाढतो, पण तारांमधला फटका नीट बसणारा भाग आक्रसतो, आणि आपला फटका अजून मधोमध बसत नसतो.

शटल दोन प्रकारचं. नायलॉनचं टिकतं. त्याच्या बुचावरची पट्टी हिरवी असेल तर हळू, निळी मध्यम आणि लाल म्हणजे वेगवान. पिसांच्या शटलमध्ये सोळा पिसं असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. ते रॅकेटवरून जोरात सुटतं आणि शेवटी जवळजवळ सरळ खाली उतरतं. नायलॉनचं तसं उतरत नाही. त्यामुळे एकट्याने, भिंतीवर किंवा सर्व्हिसचा सराव करताना नायलॉन ठीक आहे, पण टॉस (डोक्यावरून उंच, मागच्या रेषेपर्यंत मारलेला फटका) आणि ड्रॉप (डोक्यावरून हलकेच नेटपलीकडे टाकलेला) शक्यतो पिसांच्या शटलवरच शिका. इतरांनी खेळून बाजूला टाकलेली, एखाद-दुसरं पीस मोडलेली शटलं त्यासाठी पुरतात.

खर्चात कुठे हात राखायचा असेल तर रॅकेटमध्ये राखा, बुटांमध्ये नको. पळण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते. ते सरळ रेषेत पळायला बनवलेले असतात. बॅडमिंटनमध्ये आपण आडवे सरकतो, झटक्यात थांबतो. तिथे उंच टाच घोट्याला दगा देते. पातळ, सपाट, गम सोल असलेले कोर्टचे बूट घ्या आणि ते रस्त्यावर घालू नका. धूळ बसलेला सोल मॅटवर घसरतो.

कोर्टावर एक फेरी मारा

खेळायला लागण्याआधी कोर्टावरून चालत फिरा. लांबी १३.४० मीटर, डबल्सची रुंदी ६.१० मीटर, सिंगल्सची ५.१८. म्हणजे तुमच्या वाट्याला नेटपासून मागच्या रेषेपर्यंत ६.७० मीटर येतात. नेट खांबाजवळ १.५५ मीटर आणि मधोमध १.५२४ मीटर उंच असतं. मध्यावर ते किंचित खाली असतं, ही गोष्ट ड्रॉप टाकताना कामाला येते.

नेटपासून १.९८ मीटरवर सर्व्हिसची पुढची रेषा आहे. सर्व्हिस तिच्या पलीकडे, तिरप्या समोरच्या चौकोनात पडायला हवी. सिंगल्समध्ये हा चौकोन लांब आणि अरुंद, डबल्समध्ये आखूड आणि रुंद, कारण डबल्सची सर्व्हिस मागच्या रेषेच्या ०.७६ मीटर अलीकडच्या रेषेआतच पडावी लागते. रॅली, म्हणजे सर्व्हिसनंतरची फटक्यांची देवाणघेवाण, सुरू झाली की ही आतली रेषा विसरायची. नवे खेळाडू ती विसरत नाहीत आणि आत पडणारं शटल बाहेर समजून सोडतात. आणखी एक: शटल रेषेवर पडलं तर ते आत.

पकड: इथे आठवडा घालवा

डाव्या हाताने रॅकेटचा दांडा असा धरा की तारा जमिनीला काटकोनात उभ्या राहतील. आता उजव्या हाताने मुठीशी हस्तांदोलन करा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्हीसारखी खाच तयार होते. ती मुठीच्या वरच्या अरुंद बाजूवर यायला हवी. तर्जनी बाकीच्या बोटांपासून थोडी सुटी, थोडी पुढे. ही झाली फोरहँडची, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूने मारायच्या फटक्याची पकड. डावखुऱ्यांनी पुढे सगळीकडे उजवं-डावं उलट करून वाचावं.

नवखा माणूस हमखास जी पकड घेतो ती तव्याचा दांडा धरल्यासारखी असते, तारा थेट समोर बघणाऱ्या. अंगणातल्या खेळात ती चालून जाते, कारण शटल समोरून हळू येतं. डोक्यावरून मारताना मात्र ती हाताला फिरूच देत नाही. नेटच्या अगदी जवळ, उंच आलेलं शटल टॅप करायला ही पकड खरोखर उपयोगी आहे, पण तेवढ्यापुरतीच.

बॅकहँडसाठी, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या फटक्यासाठी, बोटांमध्येच रॅकेट किंचित फिरवायची आणि अंगठा मुठीच्या रुंद, सपाट बाजूवर टेकवायचा. शटल अंगासमोर असेल तर ही पकड योग्य. शटल अंगाच्या बाजूला किंवा मागे गेलं असेल तर अंगठा सपाट बाजूवरून सरकवून तिच्या लगतच्या कडेवर आणायचा, नाहीतर मनगट अडकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रॅकेट घट्ट धरायची नाही. दहापैकी मोजायचं तर वाट बघताना तीन, आणि शटल तारांना लागतं त्या क्षणी आठ. लगेच पुन्हा तीन. फटक्याची बरीचशी ताकद या आवळण्यातून येते. हात आधीच आवळलेला असेल तर आवळायला काही उरत नाही आणि पकड बदलायलाही वेळ लागतो. तळहात आणि मूठ यांच्यात थोडी पोकळी जाणवली पाहिजे. खेळून झाल्यावर कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर पहिला संशय घट्ट पकडीवर घ्या, दुसरा बारीक मुठीवर.

"मनगटाने मार" हा सल्ला तुम्हाला मिळणारच. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, शब्द चुकीचा असतो. कुलपात किल्ली फिरवून बघा. मनगट वाकत नाही, कोपरापासून पुढचा हात स्वतःभोवती फिरतो. बॅडमिंटनचा फटका म्हणजे हे फिरणं. फोरहँडला आतल्या दिशेने, बॅकहँडला बाहेरच्या. मनगट वाकवून मारणाऱ्याचं शटल कुठेही जातं आणि पंधरा दिवसांत मनगटाला पट्टा लागतो.

घरी करायचा सराव सोपा आहे. भिंतीपासून दीड-दोन मीटरवर उभं राहून शटल छातीच्या उंचीवर भिंतीवर मारत राहायचं. आधी फक्त बॅकहँड, मग फक्त फोरहँड, मग एक हा, एक तो. पकड न बदलता तिसरा प्रकार जमतच नाही, म्हणून तो करायचा. टीव्ही बघत बसलेले असताना रॅकेट बोटांत फिरवत राहिलात तरी चालेल. घरच्यांना त्याचा वैताग येतो, एवढाच तोटा.

सर्व्हिस

हा एकच फटका असा आहे की जो मारताना समोरचा तुमची घाई करू शकत नाही. तरी सर्वाधिक फुकटचे गुण इथेच जातात, कारण कुणी त्याचा वेगळा सराव करत नाही.

नियम आधी. सर्व्हिस करताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले आणि स्थिर हवेत, रेषेवर नकोत. रॅकेट पुढे निघाली की मध्ये थांबवायची नाही. रॅकेट आधी बुचाला लागली पाहिजे, पिसांना नाही. आणि फटका लागतो त्या क्षणी संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. हा उंचीचा नियम मोठ्या स्पर्धांमध्ये २०१८ पासून आला. त्याआधी कंबरेची अट होती आणि मोजायची सोय नसते तिथे आजही तीच पाळतात. इथे कंबर म्हणजे सर्वांत खालच्या बरगडीची पातळी, पँटचा पट्टा नव्हे. सर्व्हिस नेटला घासून योग्य चौकोनात पडली तर ती चालते. मारायला गेलात आणि शटल हुकलं तर मात्र फॉल्ट.

आधी बॅकहँडची आखूड सर्व्हिस शिका. पुढच्या रेषेपासून एका पावलावर उभे राहा, उजवा पाय पुढे, वजन त्याच्यावर. शटल पिसांच्या टोकाला दोन बोटांत धरा, बूच किंचित खाली आणि तारांकडे. रॅकेटचं डोकं मुठीपेक्षा खाली ठेवा. आता मारायचं नाही, अंगठ्याने ढकलायचं. शटल सोडायचं आणि ढकलायचं, दोन्ही जवळपास एकाच क्षणी. चांगल्या आखूड सर्व्हिसचा सर्वांत उंच बिंदू नेटच्या अलीकडे, आपल्या बाजूला असतो. नेट ओलांडताना शटल उतरायला लागलेलं हवं. ते नेटवर चढतच राहिलं तर समोरचा त्यावर तुटून पडेल.

सिंगल्ससाठी उंच सर्व्हिसही हवी. पुढच्या रेषेपासून मीटरभर मागे, मधल्या रेषेजवळ, डावा पाय पुढे. डाव्या हाताने शटल समोर, किंचित उजवीकडे सोडा आणि रॅकेट खालून वर नेत मारा. रॅकेट शेवटी डाव्या खांद्यावर येते. शटल समोरच्या मागच्या रेषेजवळ जवळजवळ उभं पडलं पाहिजे. उंचीच्या मोहात ते कोर्टाच्या मध्येच पडलं, तर मात्र समोरच्याला आमंत्रण दिल्यासारखं आहे.

रोज खेळायच्या आधी दहा आखूड आणि दहा उंच. पाच मिनिटं लागतात.

पाय

सरांनी मला बरेच दिवस शटलच दिलं नाही. रिकामं कोर्ट, हातात रॅकेट, आणि सहा कोपरे: पुढचे दोन, बाजूचे दोन, मागचे दोन. मधून निघायचं, कोपऱ्यात जाऊन हवेत फटका मारायचा, मध्ये परत. याला शॅडो म्हणतात. बाकीचे मस्त खेळताहेत आणि आपण हवेला मारतोय, याची लाज वाटायची. आज कुणी मला विचारलं की एकच गोष्ट करायला वेळ आहे, काय करू, तर मी शॅडोच सांगतो.

उभं राहण्यापासून सुरुवात. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे किंचित वाकलेले, टाचा जमिनीवरून जेमतेम सुटलेल्या, रॅकेट छातीसमोर आणि कंबरेच्या वर. रॅकेट खाली लोंबकळत असेल तर प्रत्येक फटक्याला ती उचलण्याचा वेळ जातो. उशिराचा पहिला हप्ता इथे भरला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे छोटी उडी. समोरचा शटल मारतो त्याच क्षणी जागेवर अगदी लहान, जमिनीपासून दोन बोटं, अशी उडी घ्यायची आणि दोन्ही पावलांच्या पुढच्या भागावर उतरायचं. उतरताना पायांत जो ताण येतो तो कुठल्याही दिशेला लगेच ढकलायला कामी येतो. सपाट उभा असलेला माणूस आधी वजन हलवतो, मग निघतो. ही उडी डोळ्यांना दिसतही नाही इतकी छोटी आहे, पण चांगला खेळाडू 'आधीच तिथे' कसा असतो त्याचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

पुढे जाताना शेवटचं पाऊल नेहमी रॅकेटच्या बाजूच्या पायाचं, लांब. टाच आधी टेकते, मग पाऊल. पायाची बोटं ज्या दिशेला जातोय त्या दिशेला, गुडघा बोटांच्या रेषेत, आत वळलेला नाही. मागचा पाय थोडा घासत पुढे येतो. डावा हात मागे पसरलेला, तोल सांभाळायला. परत येताना पुढच्या पायाने जमीन ढकलायची. वाकून, कंबरेतून झुकून शटल उचलणाऱ्याला परत येता येत नाही. तो एक फटका परतवतो आणि पुढचा बघत उभा राहतो.

मागे जाताना उलट्या पावलांनी धावू नका. तोल जातो, आणि पडलात तर डोकं मागे आपटतं. आधी उजवा पाय मागे टाकून अंग आडवं करायचं आणि मग एका पायाने दुसऱ्याला हुसकत सरकायचं. मध्ये परतायची जागा सिंगल्समध्ये कोर्टाच्या मध्यबिंदूच्या किंचित मागे असते. मात्र मध्यावर पोचण्याच्या नादात समोरचा मारत असताना पळत राहू नका. तो मारतोय त्या क्षणी जिथे असाल तिथे थांबून छोटी उडी घेणं जास्त महत्त्वाचं.

शॅडो वीस सेकंद करा, चाळीस सेकंद थांबा. असे सहा फेरे. पहिले दोन आठवडे वेग नको, पावलं बरोबर पडू देत.

डोक्यावरचा फटका: एकच हालचाल, तीन शेवट

टॉस, ड्रॉप आणि स्मॅश हे तीन फटके वेगळे शिकायचे नसतात. शेवटच्या क्षणापर्यंत ते एकच आहेत. समोरच्याला कळू नये की काय येतंय, हाच त्यातला डाव.

शटल उंच आलं की अंग आडवं करा, डावा खांदा नेटकडे, वजन मागच्या उजव्या पायावर. डावा हात वर, शटलकडे बोट दाखवल्यासारखा. तो शोभेला नाही. तो वर गेला की उजवा खांदा आपोआप मागे जातो आणि शटल किती दूर आहे याचा अंदाजही येतो. उजवं कोपर खांद्याच्या पातळीला. आता डावा हात खाली ओढत अंग पुढे वळवा, कोपर वर जाऊ द्या आणि पुढचा हात किल्लीसारखा फिरवत हात ताठ होईल तितक्या उंचीवर शटल गाठा. मारून झाल्यावर उजवा पाय पुढे येतो आणि त्याच पावलाने मध्ये परतायला सुरुवात होते.

टॉससाठी शटल जवळपास उजव्या खांद्याच्या वर गाठायचं, दिशा वर आणि लांब. ते समोरच्या मागच्या रेषेपर्यंत जायला हवं. अर्ध्यात पडणारा टॉस म्हणजे समोरच्याच्या स्मॅशची तयारी. टॉस पोचत नसेल तर जोर वाढवू नका. तुम्ही बहुधा शटलच्या खाली किंवा पुढे अडकलेले असता. अजून अर्धं पाऊल मागे जा. शटल तुमच्या पुढे यायला हवं, तुम्ही शटलच्या पुढे नव्हे.

ड्रॉपसाठी तेच सगळं, तोच वेग. फक्त शटल किंचित पुढे गाठायचं आणि शेवटी हात सैल सोडून तारा शटलवरून हलकेच फिरवायच्या. ते नेट ओलांडून सर्व्हिसच्या पुढच्या रेषेच्या आसपास पडलं की झालं. नवखे ड्रॉप मारायच्या आधी रॅकेट हळू करतात. समोरच्याला ते पत्र पाठवून कळवल्यासारखं असतं.

आणि स्मॅश. २०२३ मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीने प्रात्यक्षिकात मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. आकडा ऐकून छाती दडपते, पण हा रॅकेटवरून सुटतानाचा वेग असतो. शटलला हवेचा अडथळा इतका असतो की पलीकडे पोचेपर्यंत त्यातला बराचसा वेग गळून जातो. म्हणून कोर्टाच्या अगदी मागून मारलेला स्मॅश परतवला जातो आणि तो मारणारा तोल जाऊन मागेच राहतो. शिकणाऱ्यासाठी माझा नियम कडक आहे: दहापैकी सात टॉस मागच्या रेषेपर्यंत जात नाहीत तोवर स्मॅश नाही. त्यानंतर शटल अंगाच्या बऱ्यापैकी पुढे, सर्वांत उंच जागी गाठायचं आणि ताकदीपेक्षा उतार बघायचा. पाऊणपट जोराने, समोरच्याच्या रॅकेटच्या बाजूच्या कंबरेवर मारलेला स्मॅश पूर्ण ताकदीच्या बाहेर जाणाऱ्या स्मॅशपेक्षा जास्त गुण देतो.

नेटजवळ आणि खालून

नेटवर शटल जितकं उंच गाठाल तितकं बरं. ते नेटच्या पट्टीजवळ असताना गाठलंत तर हातात तीन पर्याय असतात: ड्रिबल, म्हणजे शटल पलीकडे नेटला चिकटून टाकणं, किंवा बाजूला पुश, किंवा लिफ्ट, म्हणजे खालून उंच, समोरच्याच्या मागच्या रेषेकडे मारणं. जमिनीजवळ गाठलंत तर लिफ्टच उरते. ड्रिबलमध्ये हात हलवायचा नसतो. पाय शटल गाठतात, रॅकेट आडवी पुढे धरायची आणि शटल तिच्यावर आपटू द्यायचं. बोटांनी किंचित उचल दिली की पुरे.

लिफ्ट उंच मारा. उंच लिफ्टमुळे परतायला वेळ मिळतो, आणि नवख्याला वेळेचीच टंचाई असते. रॅली चालू असताना रॅकेट किंवा अंग नेटला लागलं की गुण गेला, आणि शटल पलीकडे असतानाच मारलं तरी गेला. आपल्या बाजूला मारल्यावर ओघात रॅकेट पलीकडे गेली तर चालते.

ड्राइव्ह, म्हणजे नेटवरून सपाट जाणारा फटका, डबल्स खेळताना आपोआप येऊ लागतो. त्यासाठी वेगळा वेळ आत्ता नको.

गुण कसे मोजायचे

गेम २१ चा, तीनपैकी दोन जिंकायचे. २० बरोबरी झाली की दोन गुणांची आघाडी हवी. २९ बरोबरी झाली तर तिसावा गुण घेणारा जिंकला. प्रत्येक रॅलीला गुण मिळतो, सर्व्हिस कुणाचीही असो. ११ ला एक मिनिटाची विश्रांती, दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं, आणि तिसऱ्या गेममध्ये कुणाचेही ११ झाले की बाजू बदलायची.

सर्व्हिस करणाऱ्याचे गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. डबल्समध्ये भांडणं इथेच होतात, म्हणून नीट वाचा. सर्व्हिस असलेल्या जोडीने गुण घेतला तर तोच खेळाडू बाजू बदलून पुन्हा सर्व्हिस करतो. समोरची जोडी जागा बदलत नाही. समोरच्या जोडीने गुण घेतला तर सर्व्हिस त्यांची, पण कुणीच जागा बदलत नाही. त्यांचा नवा आकडा सम असेल तर उजवीकडे उभा असलेला सर्व्हिस करतो, विषम असेल तर डावीकडचा. जागा फक्त आपल्या सर्व्हिसवर आपण गुण घेतला तरच बदलतात. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं की पुढचं सगळं जुळतं.

डबल्समध्ये कुठे उभं राहायचं यालाही एकच खूण पुरते. आपल्या जोडीने शटल वर उचललं तर शेजारी-शेजारी, खाली मारलं तर एक पुढे एक मागे. आणि पुढच्याने मागे वळून जोडीदार काय करतोय ते बघायचं नाही. डोळ्यांना होणाऱ्या इजांचं हे एक नेहमीचं कारण आहे. रॅकेट चेहऱ्यासमोर, नजर नेटपलीकडे.

पहिले दोन महिने

आठवड्यातून तीन दिवस, तासभर, असं धरून सांगतो. पहिले दोन आठवडे पकड, भिंत, आखूड सर्व्हिस आणि सावकाश शॅडो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुणाला तरी हाताने शटल उंच टाकायला सांगून फक्त टॉस, एका दिवशी पन्नास-साठ. टाकणारा कंटाळतो, म्हणून आलटून पालटून करा. पाचव्या-सहाव्यात ड्रॉप आणि लिफ्टची जोडी लावा: एक मागून ड्रॉप टाकतो, दुसरा पुढून लिफ्ट मारतो. सातव्यापासून स्मॅश, आणि अर्ध्या कोर्टावर सिंगल्सचे गेम, म्हणजे मधल्या रेषेपासून एकाच बाजूला. अर्ध्या कोर्टावर शटल जास्त वेळा हाताशी येतं आणि दमही कमी लागतो. या काळात गेम खेळायचेच नाहीत असं कुणी सांगेल, पण मला ते पटत नाही. शेवटची पंधरा मिनिटं गेमसाठी ठेवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात यायचंच बंद होतं.

मोबाइल कोर्टामागे उभा करून दहा मिनिटांचं चित्रण घ्या आणि त्यात फटके बघू नका. समोरचा मारतो त्या क्षणी आपले पाय काय करताहेत आणि रॅकेट कुठे आहे, एवढंच बघा. मी माझं पहिलं चित्रण बघितलं तेव्हा समोरचा मारत असताना मी बहुतेक वेळा माझ्याच आधीच्या फटक्याचं कौतुक करत उभा होतो.

खेळण्याआधी आठ-दहा मिनिटं अंग गरम करा: हलकं धावणं, आडवं सरकणं, खांदे फिरवणं, काही सावकाश लांब पावलं. बऱ्याच वर्षांनी पुन्हा खेळायला लागलेल्यांनी पोटरी आणि टाचेमागच्या शिरेला विशेष जपावं. गार अंगाने पहिल्याच रॅलीत नेटकडे झेप घेतली की तिथेच काहीतरी तुटतं. घोटा मुरगळला तर 'चालतंय की' म्हणून तो गेम पुरा करू नका. शेजारच्या कोर्टावरून शटल पायाशी आलं तर रॅली लगेच थांबवा. शटलवर पाय पडून मुरगळलेले घोटे मी स्मॅश मारताना दुखावलेल्या खांद्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत.